दुसरी वायर

“ग्रीलला हात लाव आधी.”

त्यांच्या घरात शिरणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत या वाक्याने व्हायचं. या, बसा, पाणी घ्या, हे सगळं नंतर. दाराशी चपला काढायच्या, खिडकीपाशी जायचं, लोखंडी ग्रीलला पंजा टेकवायचा आणि मगच टेबलाकडे वळायचं. अंगात साठलेली वीज कॉम्प्युटरच्या नाजूक भागांना मारते, असं ते सांगायचे, आणि ते खरंच आहे. आता डोंबिवलीच्या घामट हवेत कोणाच्या अंगात कसली वीज साठणार, हा प्रश्न मी एकदाच विचारला. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मुकाट्याने दोन्ही हात लावले.

शिवाय हा नियम कॉम्प्युटर घेऊन येणाऱ्यांपुरता नव्हता. मीटर बघायला आलेला माणूस, हळदीकुंकवाला आलेल्या बायका, सगळ्यांना तोच. एकदा पूजेला आलेल्या गुरुजींनाही त्यांनी ग्रीलकडे पाठवलं. गुरुजींना तो यांचा कुळाचार वाटला असावा. त्यांनी ग्रीलला हात तर लावलाच, वर नमस्कारही केला.

आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. डोंबिवली पूर्वेला माझ्या इमारतीच्या मागच्या इमारतीत तळमजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी कल्याणजवळच्या मोहन्याच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून काढला होता. ती नोकरी संपल्यावर हात रिकामे राहवेनात म्हणून ते कॉम्प्युटरकडे वळले. दारावर पाटी नव्हती. पण कोणी सुटे भाग आणून नवा कॉम्प्युटर जोडला आणि तो चालूच झाला नाही, की चौथा माणूस तरी सांगायचाच, “काकांकडे घेऊन जा.” जुने बिघडलेलेही ते घ्यायचे, पण त्यांचा जीव नव्यात.

“जुनं मशीन मेलं तर म्हणता येतं, वय झालेलं,” ते म्हणायचे. “नव्याला काय म्हणणार? त्याच्यात सगळं आहे. आपलंच काहीतरी चुकतंय.”

मी त्यांच्याकडे गेलो तो असाच. माझा धंदा डीटीपीचा. लग्नपत्रिका, सोसायटीच्या सभेच्या नोटिसा, दशक्रियेचे फलक, आणि हल्ली लग्नपत्रिकांचे व्हिडिओ, ज्यात मागून मीच भारदस्त आवाजात ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ म्हणतो. तर या कामासाठी दणकट कॉम्प्युटर हवा म्हणून मी सुटे भाग आणले, व्हिडिओ बघत बघत एका रविवारी जोडले आणि बटण दाबलं. पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा अर्धा फेरा. संध्याकाळपर्यंत मी त्या अर्ध्या फेऱ्याकडे बघत बसलो होतो.

“व्हिडिओ बघून जोडलास?” काकांनी विचारलं.

“हो.”

“व्हिडिओतला चालू झालेला?”

“झाला.”

“मग त्यालाच विचारायचं ना.”

एवढं बोलून त्यांनी माझा सगळा संसार बाहेर काढला. ही त्यांची पद्धत. मदरबोर्ड ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला त्याच खोक्यावर आडवा ठेवला. प्रोसेसर, एक रॅम आणि वीज, बाकी काही नाही. मग बटणाऐवजी स्क्रू ड्रायव्हरचं टोक दोन पिनांना टेकवलं. पंखा सुरळीत फिरू लागला आणि पडद्यावर पांढरी अक्षरं आली.

“बघ. सगळे ठणठणीत आहेत. घरात गेले की भांडतात.”

त्यांनी रिकाम्या कॅबिनेटमध्ये टॉर्च मारला आणि हसायला लागले. मदरबोर्ड ज्यांच्यावर टेकतो ते नखाएवढे पितळी खांब असतात. माझ्या मदरबोर्डला भोकं होती सहा. मी खांब लावले होते सात. सातवा नको तिथे टेकून वीज पळवत होता.

“सात का लावलेस?”

“पाकिटात सात आले होते.”

वस्तू उरता कामा नये, ही आमच्या घरची शिकवण. काकांनी तो सातवा खांब काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, “जपून ठेव. कोणी पत्रिकेत सात नावं घाल म्हटलं की उपयोगी पडेल.” मग त्यांनी एकेक भाग परत चढवला. प्रत्येक भागानंतर चालू करून बघायचं, बंद करायचं, मग पुढचा. एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चालू झालं, तर ते कशाने झालं हे कळत नाही. आणि जे कळलं नाही ते दुरुस्त झालं असं काका मानत नसत. सगळं जोडून झाल्यावर त्यांनी हात मागे घेतले. त्यांच्याकडे पहिलं बटण मालकाने दाबायचं, असा रिवाज होता. मी दाबलं. आतून काकूंनी विचारलं, “झालं का चालू? मग चहा आणते.”

काकूंबद्दल सांगायलाच हवं, कारण डोंबिवलीतले निम्मे कॉम्प्युटर काकांनी नव्हे, काकूंनी चालू केले असा माझा दावा आहे. काका आंघोळीला किंवा बाजारात गेलेले असले की फोन काकू उचलायच्या. समोरचा घाबऱ्या आवाजात सांगत असायचा, दिवे लागतात, पंखे फिरतात, पण पडद्यावर काहीच येत नाही. काकू पोळी उलटत विचारायच्या, “दुसरी वायर लावलीत का?”

झालं काय, की मदरबोर्डला विजेची एक मोठी वायर लागते, ती सगळ्यांना दिसते. प्रोसेसरसाठी वर कोपऱ्यात दुसरी छोटी वायर लागते, ती नवशिके हमखास विसरतात. तीस वेळा काकांच्या तोंडून हा प्रश्न ऐकल्यावर एकतिसाव्या वेळी काकूंनीच तो विचारला आणि मशीन चालू झालं. तेव्हापासून त्या प्रत्येकाला तोच विचारत. नाहीच जमलं तर, “दहा मिनिटांनी करा, हे येतील आंघोळ करून.” वायर कसली, ती दिसते कशी, हे त्यांनी कधी पाहिलं होतं का कोण जाणे.

त्या घरात नवीन वस्तू नव्हती. फ्रीज कोणीतरी टाकून दिलेला, काकांनी जिवंत केलेला. मिक्सर एका घरचा, भांडं दुसऱ्या घरचं. टीव्हीला रिमोटच्या जागी काकांनी बनवलेली एक डबी होती आणि ती फक्त काकूंना वापरता यायची. काकू तक्रार करायच्या, पण त्यात अभिमानही असायचा. “आमच्याकडे सगळं दुसरेपणावर दिलेलं आहे,” त्या म्हणायच्या. “पहिल्या लग्नाचे आम्ही दोघंच.”

साधारण साठीला टेकल्यावर काकूंची जीभ अडखळायला लागली. आधी आम्हाला वाटलं, दातांचं काहीतरी असेल. मग हातातून कप निसटू लागले. ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, नसांचा आजार आहे, एकेक स्नायू काम सोडत जाईल.

काका डॉक्टरांशी भांडून आले. मी बरोबर होतो, मला तोंड लपवावंसं वाटलं. डॉक्टरांनी तीन औषधं एकदम बदलली, हा त्यांचा गुन्हा. “तीन बदललीत तर गुण कशाने आला हे तुम्हाला कळणार कसं?” काकांनी टेबलावर बोट आपटून विचारलं. “एका वेळी एक बदला ना.”

डॉक्टर शांत माणूस होता. तो म्हणाला, “काका, गुण येणार नाहीये. आपण फक्त त्रास कमी करतोय.”

 परतताना घराच्या कोपऱ्यावर आल्यावर काका म्हणाले, “क्रम आहे म्हणे त्याला. तिचा आधी आवाज जाणार, मग हात. मान त्यानंतर.” आणि थोड्या वेळाने म्हणाले, “क्रम माहीत असला की पुढचं काम करता येतं.”

पुढचं काम म्हणजे काकूंसाठी बोलणारा कॉम्प्युटर. त्यांनी सगळं ठरवून टाकलं होतं. आवाज आहे तोवर काकूंची वाक्यं रेकॉर्ड करायची. मग एक मोठा पडदा. पडद्यावर चौकोन, प्रत्येक चौकोनात एक वाक्य, आणि एक पिवळी चौकट त्यांच्यावरून एकेक करत सरकत जाणार. हव्या त्या चौकोनावर ती आली की काकूंनी बटण दाबायचं, आणि त्यांचंच वाक्य त्यांच्याच आवाजात ऐकू येणार. एक बोट हललं तरी पुरे. मी म्हटलं, फोनवर होईल की हे. तर म्हणाले, फोनच्या काचेवर तिचं बोट घसरतं, नको ते दाबलं जातं. तिला दाबल्यावर दाबल्यासारखं वाटेल असं बटण पाहिजे. बटण त्यांच्याकडे होतं. कारखान्यातल्या जुन्या पॅनेलवरचं, हिरवं, वाटीएवढं. ते त्यांनी माउसला जोडलं.

“मशीन तुमच्याकडे पडलेल्यांतलंच एखादं घेऊ ना,” मी म्हटलं.

“नाही. हे सगळं कोरं आणायचं.” मग ग्रीलकडे बघत म्हणाले, “तिला आयुष्यभर दुसऱ्यांचं टाकलेलं दिलंय मी.”

रेकॉर्डिंग माझ्या खोलीत झालं, कारण माझ्याकडे बरा माइक होता. खिडकीला गोधड्या लावल्या. काकांनी आलेखाच्या कागदावर वाक्यांची यादी करून आणली होती. पाणी. औषध. पंखा लावा. पंखा बंद करा. कुशीवर वळवा. डास चावतोय. काकूंनी ती वाचली आणि बाजूला ठेवली.

“मी क... काय नुसती मागतच बसू का हो?”

मग त्यांनी स्वतःची वाक्यं घातली. पाच दुपारी लागल्या. एक वाक्य बोललं की त्या दम खायच्या, जड झालेली जीभ जागेवर आणायच्या, पुन्हा बोलायच्या. मला ती अडखळ कापून जोडून नीट करता येत होती, आणि मी केली. भाजीत मीठ कमी आहे. कोण आलंय? तुम्ही जेवलात का? जरा गप्प बसा. ‘जरा गप्प बसा’ एकाच दमात, एकदाही न अडखळता आलं. एक वाक्य होतं, “आलात? पाय धुवा, चहा टाकते.” काका म्हणाले, “अगं, चहा तू कुठे टाकणार आता?”

“चहा तुम्हीच करायचा,” काकू म्हणाल्या. “म्हणायचं मी.”

अशी चार पानं भरली, एकेका पानावर वीस वाक्यं. शेवटच्या दुपारपर्यंत त्यांचं बोलणं मला कळेनासं झालं होतं. काकांना अजून कळत होतं.

नवे भाग आले तेव्हा आवाज पूर्ण गेला होता. उजवा अंगठा आणि डाव्या हाताची दोन बोटं तेवढी शाबूत होती. काकूंची खाट टेबलाच्या समोर आणली होती. काकांनी मशीन जोडलं आणि ते चालू झालं नाही.

म्हणजे दिवे लागले, पंखे फिरले, पडदा काळा. मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो तेव्हा सगळं बाहेर काढलेलं, मदरबोर्ड खोक्यावर. ग्रीलला हात लाव असं ते म्हणाले नाहीत. मी आपला लावला. त्यांनी रॅम बदलून पाहिली होती, पडदा बदलून पाहिला होता, केबल बदलली होती. पण एक भाग हातात घेतला की काकूंना ठसका लागायचा, पाणी पाजावं लागायचं, मान सरळ करावी लागायची. परत आले की आपण कुठपर्यंत आलो होतो हे त्यांना आठवत नसे. ज्या माणसाने जन्मभर एका वेळी एकच केलं, त्याच्या वाट्याला आता दोन एकदम आली होती.

“मदरबोर्डच खराब आलाय,” ते म्हणाले. “परत करायला लागेल. बदलून यायला आठ-दहा दिवस.” ते माझ्याशी बोलत होते, पण बघत होते काकूंच्या अंगठ्याकडे. आठ-दहा दिवसांत काय काय जाऊ शकतं, याचा क्रम त्यांना पाठ होता.

तेवढ्यात काकूंच्या घशातून आवाज आला. पाहतो तर डाव्या हाताची दोन बोटं चादरीवरून वर उचललेली.

“काय गं? पाणी?” काका धावले. काकूंनी डोळे मिटले. म्हणजे नाही. बोटं तशीच. “दोन उशा पाहिजेत?” नाही. “पंखा दोनवर करू?” नाही. “दोन नंबरला जायचंय?” यावर काकूंनी डोळे असे गच्च मिटले की त्या स्थितीतही मला हसू आलं. “दोन गोळ्या? दोन वाजले? कोणी दोघं येणार होते?” काका एकेक विचारत होते. ओळीने, न चिडता, जसे ते मशीनला विचारायचे तसे. काकूंची बोटं खाली येत होती आणि त्या ती पुन्हा वर करत होत्या. मला बघवेना. या बाईला काहीतरी सांगायचंय आणि आम्ही दोन धडधाकट माणसं तिला उशा विचारतोय.

मग काकूंनी आमच्याकडे बघणंच सोडलं आणि टेबलाकडे बघितलं.

काकांनी त्यांच्या नजरेच्या रेषेत मान वळवली. खोक्यावर मदरबोर्ड होता. मोठी वायर लागलेली होती. वरच्या कोपऱ्यातली छोटी जागा रिकामी होती.

“दुसरी वायर,” काका म्हणाले.

काकूंनी हात खाली टाकला.

वायर लावली. पडद्यावर अक्षरं आली. काका खुर्चीत बसले, चष्मा काढला आणि पंच्याने तोंड पुसत राहिले, बराच वेळ. “दोन दिवस,” ते म्हणत होते. “गाढवासारखा दोन दिवस. आणि तू पडल्या पडल्या...” मग त्यांनी सगळं कॅबिनेटमध्ये नीट चढवलं, बंद केलं, काकूंचा अंगठा आपल्या हातात धरून मशीनच्या बटणावर नेला आणि दाब मात्र दिला नाही. तो काकूंनी दिला.

काकूंचं पडद्यावरचं पहिलं वाक्य काय असेल, याची मला उत्सुकता होती. पिवळी चौकट सरकत सरकत आली आणि काकूंनी बटण दाबलं.

“जरा गप्प बसा.”

पुढचे साडेचार महिने ते घर पुन्हा बोलतं होतं. फोन आला की काका तो पडद्याजवळ धरायचे, कारण काकूंनी पुन्हा दोन बोटं वर केली म्हणून आम्ही ‘दुसरी वायर लावलीत का?’ हेही वाक्य शोधून काढलं होतं. माझ्याकडच्या एका जुन्या फोन रेकॉर्डिंगमध्ये ते स्वच्छ सापडलं. संध्याकाळी काका भाजी घेऊन दारात आले की आतून आवाज यायचा, “आलात? पाय धुवा, चहा टाकते.” आणि काका पाय धुऊन चहा टाकायचे.

मग अंगठा थकायला लागला. काकांनी हिरव्या बटणातली स्प्रिंग काढून हलकी घातली. महिन्याभराने आणखी हलकी, बॉलपेनमधली. मग तिचे वेढे कापून अर्धी केली. शेवटी स्प्रिंगच काढून टाकली, नुसतं बोट टेकलं तरी बटण खाली जायचं.

एका सकाळी त्यांनी मला बोलावलं. “बघ रे जरा. काहीतरी चुकतंय. पिवळी चौकट फिरते, पण पुढे काही होत नाही.”

मी सगळं पाहिलं. वायर, माउस, पडदा. मग बटणावर बोट टेकवलं. “पाणी,” काकूंचा आवाज म्हणाला. आम्ही दोघांनी एकदम खाटेकडे पाहिलं. काकू आमच्याकडेच बघत होत्या. अंगठा बटणाशेजारी होता तिथेच पडलेला.

“मशीन बरोबर आहे ना?” काकांनी विचारलं.

“बरोबर आहे, काका.”

“नीट बघितलंस?”

“हो.”

ते आत गेले. वाटी-चमचा घेऊन आले आणि काकूंना घोटघोट पाणी पाजायला लागले. एवढ्या वर्षांत त्यांनी नवं मशीन बरोबर असल्याचं दुःख केलेलं मी प्रथमच पाहिलं. घरी येऊन मी माझ्या खोलीचं दार लावून रडलो.

काकू त्यानंतर पंधरा दिवस होत्या.

काकांनी खोल्या बंद केल्या आणि ते खडवलीला धाकट्या भावाकडे राहायला गेले. मशीन पुसून, मूळच्या खोक्यात घालून माझ्याकडे ठेवलं. काकूंच्या आवाजाची प्रत तुमच्या फोनवर घालून देतो, असं मी म्हटलं, तर त्यांनी दोन्ही हात हलवले. “नको. ऐकत बसलो तर वेड लागेल मला. कोणाच्या तरी कामाला येऊ दे.”

काम निघालं. काकूंना व्यायाम द्यायला ज्या फिजिओथेरपिस्ट येत, त्यांनीच सांगितलं. घोडबंदर रोडला सतराव्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका होत्या. पक्षाघाताने उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली, समज पक्की. मुलगा परदेशात, सोबतीला दिवसरात्रीच्या एक मावशी. आम्ही मशीन घेऊन गेलो. त्यांचा स्वतःचा आवाज कोणी जपून ठेवला नव्हता. कॉम्प्युटरचा तयार मराठी आवाज ऐकवला तर त्यांनी तोंड वाकडं केलं. मग मी काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली. मी काकूंचं पान उघडलं. “कोण आलंय?” बाईंनी डावा हात वर केला. हाच.

काकांनी हिरव्या बटणात स्प्रिंग परत बसवली. बाईंचा डावा हात मजबूत होता.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी काका मला फोन करायचे, “चल, चेकिंगला जायचंय.” खडवलीहून गाडीने ठाणे, तिथून बस, पुढे घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर. एवढं करून पोचायचं आणि मशीनला काहीही झालेलं नसायचं. काका मागच्या वायरी हलवून बघायचे, धूळ पुसायचे, बाईंना विचारायचे, “त्रास नाही ना देत काही?” फार आदबीने, शाळेतल्या मुख्याध्यापिकेशी बोलावं तसं. मी तीन-चारदा गेलो. पहिल्याच खेपेला मला कळलं की आम्ही चेकिंगला येत नाही. मला वाटतं, ते बाईंनाही कळलं होतं. कारण आम्ही दारात आलो की त्या घाईने बटणाशी हात न्यायच्या. पडद्यावरून पिवळी चौकट आपल्या गतीने सरकत यायची. काका चपला काढून, बाईंकडे नाही, खिडकीबाहेरच्या इमारतींकडे बघत उभे राहायचे.

“आलात? पाय धुवा, चहा टाकते.”

“हो, टाक,” काका म्हणायचे. मग भानावर येऊन, “माफ करा हं मॅडम,” असं पुटपुटून हात-पाय धुवायला जायचे. बाई मान हलवायच्या. आत मावशी खरोखरचा चहा ठेवायच्या.

गेल्या महिन्यात काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत, असं त्यांच्या भावाने फोनवर सांगितलं. मी खडवलीला जाऊन आलो. पहिला शनिवार आला तेव्हा मला घरात बसवेना. बाईंना हे फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं, आणि मावशींमार्फत निरोप द्यावा असं वाटेना. एकटाच गेलो.

दार मावशींनी उघडलं. बाई पडद्यासमोर बसल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं, मग माझ्या मागे दाराकडे पाहिलं. मी दार लावून घेतलं. त्यांनी बटणाशी हात नेला, पण चहाच्या चौकोनावरून पिवळी चौकट पुढे गेली तरी त्यांनी दाबलं नाही. पान संपलं. दुसरं पान आलं. त्या थांबून राहिल्या आणि मग दाबलं.

“हे कुठे गेलेत?”

ते वाक्य मीच रेकॉर्ड केलं होतं. काका कसल्याशा कामाला खाली उतरले होते आणि काकू म्हणाल्या होत्या, हेही असू दे, सारखे कुठेतरी जातात. मी ते विसरूनही गेलो होतो. बाईंकडे काकांबद्दल विचारायला दुसरं वाक्यच नव्हतं. चौकट पुन्हा फिरून येईपर्यंत त्या थांबल्या आणि त्यांनी पुन्हा विचारलं.

मी त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसलो. इतके दिवस मी त्यांना मॅडम म्हणत होतो.

“काकू,” मी म्हणालो, “काका गेले.”